जपानला गेलेला कुकर

माझी आई जपानला गेली ती प्रेशर कुकर घेऊन. नवाकोरा, खोक्यातून काढून दोन सुती साड्यांत गुंडाळलेला. त्याच्या जोडीला तूरडाळ, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम आणि शेवेची पाकिटं. आणि ही सगळी वरात निघाली होती कशाला, तर मुलांच्या ‘कल्चरल इमर्शन समर प्रोग्रॅम’ला. मुलांना जपानच्या खेड्यात, जपानी संस्कृतीत पार बुडवून काढायचं होतं, फक्त त्यांच्या अंगाला पाणी लागता कामा नये.

मला राग येतो. हे लिहितानाही येतोय आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

आईचं नाव कृष्णाबाई. आमचं गाव राजापूरजवळ. माझे बाबा, रामचंद्र, दुबईत अल क्वोजमधल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर वेल्डिंग करत राहिले. कंपनीच्या खोलीत माणसांवर माणसं झोपायची, बाबा त्यातलेच एक. दुबई आम्हाला माहीत होती ती त्यांनी आणलेल्या टँगच्या डब्यांवरून. मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात पर्चेसची नोकरी लागली त्याच वर्षी बाबा गेले. मग मी आईला माझ्या व्हिसावर इकडे आणलं आणि डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही दोघी राहायला लागलो.

आईला रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. महिनाभर तिने बाल्कनीतून खालच्या झाडांना पाणी घालणारे मजूर मोजले, मग माझ्या कारखान्यातल्या दोन एकट्या मुलांना डबा द्यायला लागली. तिथून बिल्डिंगमधली कुटुंबं, मग पलीकडच्या गल्लीतली. नवरा-बायको दोघं ऑफिसात, मुलं शाळेत, संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळ्यांचा भुगा झालेला. त्यांना आईच्या हातची आमटी म्हणजे माहेर वाटायचं. मीटिंगा, ट्रॅफिक, सॅलिकचा टोल आणि मग कृष्णाकाकूचा डबा.

पण काकूचा डबा घ्यायचा तर काकूचा स्वभावही घ्यावा लागे. परत आलेला डबा ती उघडून बघायची. भाजी उरलेली दिसली की दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज जायचा: “काल दोडका का उरला? बरं नाही का?” एकदा मजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीत तिला स्वतःच्या पोळ्या दिसल्या, फॉइलमध्ये तशाच्या तशा. कुणाच्या ते तिला पिशवीवरून कळलं. तिने त्या माणसाच्या दाराची बेल वाजवली, पोळ्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, “खलास. उद्यापासून तुम्हाला डबा नाही.” तो बिचारा बँकेत मोठा ऑफिसर होता. आठवडाभर लिफ्टमध्ये मला टाळत होता.

तर अशा बाईला या लोकांनी जपानला पाठवलं.

कल्पना अपर्णाची. अपर्णा चार बिल्डिंग पलीकडे राहते, तिचा मुलगा तनिष दहा वर्षांचा. कुठल्याशा कंपनीचं पत्रक तिने डबा घेणाऱ्या घरांच्या ग्रुपवर टाकलं: जपानच्या डोंगरातल्या खेड्यात तीन आठवडे, शेतकऱ्याच्या घरात राहायचं, त्यांच्याबरोबर शेतात जायचं, त्यांनी शिजवलेलं जेवायचं. सहा मुलांची नावं पटापट आली. मग अपर्णाच्याच हॉलमध्ये पालकांची मीटिंग झाली आणि तिथे कुणीतरी विचारलं, “पण मुलं खाणार काय?”

एवढा एकच प्रश्न त्यांना पडला. खेडं कसलं, माणसं कुठली, शेतात काय पिकतं, कुणी विचारलं नाही. आपली माणसं टूरबरोबर स्वयंपाकी घेऊन जातात, परदेशात पुरणपोळी खातात आणि परत आल्यावर त्या देशाऐवजी त्या पुरणपोळीच्या गोष्टी सांगतात. तेच डोकं इथे चाललं. पत्रकात लिहिलं होतं की घरचं जेवण आणू नये. पत्रकात असंही होतं की मुलांच्या गटाबरोबर एक मोठं माणूस येऊ शकतं. झालं. कृष्णाकाकू ‘केअरगिव्हर’ झाली आणि कुकर तिच्या साड्यांत गेला.

मी आईला म्हटलं होतं, ही फसवणूक आहे, तू यात पडू नकोस. पण तिने मुंबई आणि दुबई सोडून तिसरा विमानतळ पाहिला नव्हता. शिवाय मुलं तिची लाडकी. “पोरं उपाशी राहायला नकोत गं,” एवढंच म्हणाली आणि भाजणी भाजायला घेतली. जायच्या दिवशी अपर्णाने तिला विमानतळावर मिठी मारली, फोटो काढले, म्हणाली, “काकू, यू आर अ लाइफसेव्हर!”

पुढचं सगळं मला आईच्या व्हॉइस मेसेजवरून कळलं. ऑफिसच्या पँट्रीत कानाला फोन लावून मी ते ऐकत होते.

ज्या घरी ही सगळी उतरली ते होशिनो नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचं. एकटी राहते, नवरा गेलेला, मुलगा शहरात. घराला लागून भाजीचा मळा. आईने तिला पहिल्या मिनिटापासून ‘होशिनो आजी’ म्हणायला सुरुवात केली. वास्तविक दोघी एकाच वयाच्या. त्या आजीने सकाळपासून रांधून ठेवलं होतं. मळ्यातली वांगी परतलेली, काकडीचं लोणचं, टोफू, आंबवलेल्या सोयाबीनचं गरम सूप, भात. प्रत्येक मुलासाठी लहान लहान वाट्या वेगळ्या, प्रत्येक वाटीत थोडं थोडं.

मुलं बसली. तनिषने काडीने वांगं उलटं केलं, हुंगलं आणि म्हणाला, “इट स्मेल्स वीअर्ड.” दुसऱ्याने नाक धरलं. मग सगळी आईकडे वळली. “काकूआजी, कॅन यू मेक वरण-भात? मम्मा सेड यू विल.”

“मी बॅग उघडली,” आई मेसेजमध्ये सांगत होती. “कुकर काढला. त्या आजीला भाषा कळत नव्हती, पण कुकर कळला. ती उठली, संजू. शेगडीवर तिचं सूप होतं. तिने ते उतरवलं, ओटा पुसला आणि माझ्या कुकरला जागा करून दिली. वर हसून मान झुकवून म्हणाली काहीतरी. त्या बाईने आपलं भांडं उतरवलं गं माझ्यासाठी, तिच्या स्वतःच्या घरात.”

इथे आईचा आवाज फाटला. माझी आई बाबांच्या वेळीसुद्धा लोकांदेखत रडली नव्हती.

“मी कुकर परत बॅगेत टाकला. पोरांना सांगितलं, जे वाढलंय ते खायचं. नको असेल तर पाणी प्या आणि झोपा. मी कुकर उघडणार नाही.”

आणि तिने उघडला नाही.

दुबईत आग लागली. मुलं व्हिडिओ कॉलवर रडली, मग आया रडल्या. ग्रुपवर नुसता धुरळा. अपर्णाने मला ऑफिसात सात वेळा फोन केला. “संजना, तुझी आई मुलांना स्टार्व्ह करतेय! धिस इज अब्यूज! तिला समजाव, यल्ला, आत्ताच्या आत्ता!” मी म्हटलं, तिथे भात आहे, भाजी आहे, फळं आहेत, उपाशी कसली? तर म्हणते, “ते जपानी आहे!” आता जपानात जपानी नाही तर काय मिळणार होतं, थालीपीठ? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण समोर माझा मॅनेजर बसला होता.

सहा मुलांत संपदाची मुलगी मिहिका तेवढी शुद्ध शाकाहारी. तिचं काय, हा प्रश्न खरा होता आणि आईने तो कुणी विचारायच्या आधीच सोडवला होता. दुभाष्याचं काम करणाऱ्या मुलीला मध्ये घालून तिने आजीला विचारलं, सुपात मासा असतो का. असतो, म्हणाली आजी, आणि त्या दिवसापासून मिहिकाचं सूप वेगळ्या भांड्यात, समुद्रातल्या पाल्याचं करायला लागली. कुरकुर नाही, कटकट नाही. हे मी ग्रुपवर टाकलं. एकानेही त्याला उत्तर दिलं नाही. त्यांना भांडायचं होतं आणि मध्येच चांगली बातमी आलेली त्यांना परवडत नव्हती.

पहिल्या रात्री मुलं बिस्किटं खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी आजीबरोबर मळ्यात गेली, उन्हात वांगी तोडली, चिखलात लोळली, आणि संध्याकाळी ताटावर बसली ती नाक न धरता. तनिषने वांगं खाल्लं. मग दुसरं मागितलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलांचे फोन यायचेच बंद झाले, कारण त्यांना वेळ नव्हता. मुलांचं रडणं थांबलं तशी आयांची चीड वाढली.

शेवटच्या दिवशी आईने आजीला खुणेने विचारलं, आज मी रांधू का? परवानगी मिळाल्यावर कुकर निघाला. पहिल्या शिट्टीला होशिनो आजी दचकून अंगणात पळाली म्हणे. मग दोघी हसून हसून बेजार. आजीने वरण-भात खाल्ला, वर लिंबू पिळून. निघताना आई कुकर तिच्याकडेच ठेवून आली.

आता कुणी म्हणेल, एवढं चांगलं झालं, मग राग कशाचा? सांगते.

मुलं परतल्यावर आठवड्याने अपर्णाने सगळ्यांना घरी बोलावलं. मला वेगळा मेसेज होता: काकूंनी सगळ्या पेरेंट्सची माफी मागावी. नाही मागितली तर सहाही घरांचे डबे बंद. आणि खाली एक ओळ, गोड गोड: “घरातून फूड विकायला लायसन्स लागतं ना गं? कुणी कम्प्लेंट केली तर उगाच तुला प्रॉब्लेम.” दोन वर्षं त्याच डब्यातलं जेवताना लायसन्स आठवलं नव्हतं. आई माझ्या व्हिसावर, म्हणजे झालं काही तर माझ्या नोकरीवर शेकणार, हे त्या बाईला नीट माहीत होतं.

मी आईला म्हटलं, सॉरी म्हणून टाक, शब्दच आहे. हे डबे तिच्यासाठी काय होते ते मला ठाऊक होतं. या शहरात तिला रामचंद्रची बायको म्हणून कुणी ओळखत नाही, संजनाची आई म्हणूनही नाही. ती कृष्णाकाकू आहे ती त्या डब्यांमुळे. ते गेले की पुन्हा बाल्कनी आणि मजूर मोजणं. आई उठली. चांगली साडी नेसली आणि चल म्हणाली.

अपर्णाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मुलंही होती. टीपॉयवर समोसे, ढोकळा. आम्ही बसतो न बसतो तोच तनिषने आपली बशी चाटूनपुसून साफ केली, हात जोडले आणि काहीतरी जपानीत पुटपुटला. जेवण झाल्यावर रांधणाऱ्याचे आभार मानायची तिकडची रीत. अपर्णा फुलून गेली. “बघितलंत? एक कणसुद्धा टाकत नाही आता! घरी स्वतःची प्लेट धुतो. वर्थ एव्हरी दिरहम! मी तर पुढच्या वर्षीचं बुकिंग केलंसुद्धा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचाही, आमचीही. मिहिका म्हणे आता पालेभाजी खाते.

आणि मग, तोंडावरचं ते हसू पुसायच्या आधीच, अपर्णा आईकडे वळली. “काकू, नाऊ लेट्स टॉक. तुम्ही आमच्या मुलांना उपाशी ठेवलंत. वी ट्रस्टेड यू.”

याला काय म्हणायचं? फळ हवं, वर झाड लावणाऱ्यालाच दंड. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं आणि बीळ खणलं म्हणून मुंगीला जाब विचारायचा! मी तोंड उघडणार तेवढ्यात संपदा म्हणाली, “मिहिकाला फिश खायला लागलं असतं तर?”

“लागलं का?” आईने विचारलं.

“नाही, पण लागलं असतं तर?”

अपर्णाचा नवरा अरुण मध्ये पडला. अरुण वाईट माणूस नाही, फक्त त्याला पाठीचा कणा नाही. “काकू, लेट्स नॉट गेट इमोशनल. तुम्ही एक सॉरी म्हणा, आम्ही सगळे विसरून जातो. बात खतम.”

“आणि तो कुकर?” मागून कुणीतरी म्हणालं. “तो कॉन्ट्रिब्यूशनमधून घेतला होता.”

आईने पदर सारखा केला. तिचा आवाज नेहमी मोठा असतो, त्या दिवशी नव्हता.

“त्या बाईने पहिल्या दिवशी मुलांसाठी काय काय केलं होतं, तुमच्यापैकी कुणी विचारलंत?” ती म्हणाली. “तिचं नाव काय, ते तरी?” तनिष म्हणाला, “होशिनो.” अपर्णाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

“तिच्या घरात तिच्या अन्नाला नाक मुरडून आपण आपलं भांडं चढवायला निघालो होतो. मीही निघाले होते, कुकर माझ्याच हातात होता. म्हणून निघायच्या दिवशी मी त्या बाईच्या पाया पडले. तिला कळेना मी काय करतेय, ती मला उठवत होती. माफी मागायची होती ती मी तिथे मागून आलेय. तुमच्या वाटचीसुद्धा. आता माझ्याकडे उरलेली नाही.”

आणि ती उठली. आम्ही बाहेर पडलो. खाली हवा इतकी दमट आणि तापलेली होती की पायरीवरून उतरतानाच चष्मा धुरकटला. आई सरळ चालत होती, आणि मी तिच्या मागे रागाने जवळजवळ पळत होते. मला परत जाऊन ती ढोकळ्याची बशी कुणाच्या तरी डोक्यावर उपडी करावीशी वाटत होती.

सहाही डबे बंद झाले. तक्रार कुणी केली नाही, तेवढी हिंमतही त्यांच्यात नव्हती. आईने नेहमीच्या सवयीने दोन दिवस जास्त कणीक मळली, मग सावरली. कारखान्यातली मुलं तेवढी राहिली. दुपारी मी घरी फोन केला की ती म्हणायची, “काही नाही, बसलेय.”

पंधरा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात अरुण, हातात रिकामी पिशवी, आणि नजर कॉरिडॉरमध्ये इकडे तिकडे.

“काकूंना सांग, तनिष दुसऱ्यांचं काही खात नाही. कॅटररचं तर तोंडातच घालत नाही. अपर्णानेच पाठवलंय. मी रोज येऊन घेऊन जाईन, गाडी मागच्या बाजूला लावतो. फक्त ग्रुपवर काही बोलू नका, प्लीज. इट्स अ सेन्सिटिव्ह मॅटर.”

मला हसावं की दार लावावं कळेना. जिची माफी हवी होती तिच्याच दारात हे चोरासारखे! आत ओट्यापाशी आईला सगळं ऐकू गेलं होतं. आमटी उकळत होती आणि वास कॉरिडॉरभर गेला होता. अरुणला तो येत असणार.

आई दारात आली. पिशवीकडे तिने पाहिलंही नाही. “चोरून जेवणाऱ्याला मी वाढत नाही,” ती म्हणाली. “तनिषला भूक लागलीय ना? घेऊन ये त्याला. अपर्णालाही आण. पुढच्या दाराने या, दिवे लावून बसा, पोटभर जेवा. पैसे नकोत. पण पिशवीतून काही जाणार नाही.”

अरुणने एकदा आत डोकावून पाहिलं, टेबलाकडे. मला वाटलं, हो म्हणतोय. मग कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं आणि तो दचकला. “बघतो, काकू. इन्शाल्ला,” म्हणाला आणि जिन्याने गेला, कुणी पाहू नये म्हणून, पाच मजले पायी.

“बरं झालं,” मी म्हटलं. “जाऊ दे मेल्यांना.”

“पोराला भूक लागली असेल गं,” आई म्हणाली. ती आत वळली आणि आमटी नुसतीच ढवळत राहिली. राग होता की काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी तिने तीन ताटं वाढली. आमटी, भात, वांग्याची भाजी, तिसऱ्या ताटात मेतकूट जास्त, कारण तनिषला ते आवडतं. आम्ही थांबलो. आमटीवर साय धरली, भात गार झाला. मग ती म्हणाली, “जेव तू,” आणि स्वतःही जेवली.

तिसऱ्या ताटाला मी हात लावणार होते. फ्रीजमध्ये ठेवू, म्हटलं. आईने माझा हात बाजूला केला, ते ताट पुढ्यात ओढलं आणि गार भात कालवायला लागली. भूक नव्हती तिला, दिसत होतं. प्रत्येक घासाला थांबत होती, पाणी पीत होती. तरी तिने ते ताट संपवलं, शेवटच्या शितापर्यंत.